बूट होतानाची डिस्क-तपासणी: ती आपोआप होत नाही, लावावी लागते

लिनक्स वापरणाऱ्या पुष्कळांची समजूत असते, की संगणक सुरू होताना डिस्क अधूनमधून आपोआप तपासली जाते. एकेकाळी ते खरे होते. ईएक्सटी३ या फाइल-व्यवस्थेचे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) वीस-तीसेक वेळा माउंट झाले, म्हणजे वापरासाठी जोडले गेले, किंवा १८० दिवस उलटले, की पुढच्या बूटला एफएससीके या तपासणी-प्रोग्रामची पूर्ण तपासणी सुरू व्हायची आणि नेमक्या घाईच्या वेळी पडद्यावर सरकणारी टक्केवारी बघत बसावे लागे. लोक वैतागले. २०११ मधल्या ई-टू-एफएस-प्रॉग्ज या ईएक्सटी साधनसंचाच्या १.४२ आवृत्तीपासून नव्या पार्टिशनवर हे दोन्ही निकष बंदच असतात. एफएससीके आजही बूटला हजेरी लावते, पण सुपरब्लॉकमधली (पार्टिशनच्या मुख्य नोंदीतली) 'क्लीन' ही खूण पाहून क्षणात परतते.

मग जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, असताना पूर्ण तपासणी हवीच कशाला? जर्नल वीज गेल्यावर अर्धवट राहिलेले बदल निस्तरते, बाकी काही नाही. बिघडलेली रॅम, सैल केबल किंवा ड्रायव्हरमधला दोष यांनी चुकीची नोंद व्यवस्थित लिहून टाकली, तर जर्नलला त्यात वावगे काही दिसत नाही. अशी चूक महिनोन्‌महिने दबून राहते आणि तिच्यावर नव्या फाइली लिहिल्या जातात.

तपासणी बूटलाच करायची, कारण त्या वेळी पार्टिशनवर कोणी लिहीत नसते. चालू, माउंट केलेल्या पार्टिशनवर एफएससीकेने दुरुस्ती केली, तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेमरीतली माहिती आणि डिस्कवरची माहिती यांत तफावत पडून धडधाकट पार्टिशनही खराब होऊ शकते.

ईएक्सटी३ च्या पुढच्या आवृत्तीसाठी, ईएक्सटी४ साठी, कृती सोपी आहे. एलएसबीएलके कमांडने पार्टिशनचे नाव शोधा. मग सुडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने) ट्यून-टू-एफएस कमांड द्या: स्मॉल सी पर्यायापुढे माउंटची संख्या, स्मॉल आय पर्यायापुढे मुदत, शेवटी पार्टिशनचे नाव. घरच्या संगणकाला ३० माउंट किंवा ३ महिने पुरेत. दोन्हींपैकी जे आधी भरेल ते लागू होते. ट्यून-टू-एफएसलाच स्मॉल एल पर्याय दिला, की सध्याची माउंट-संख्या, कमाल संख्या आणि शेवटच्या तपासणीची तारीख दिसते. फक्त पुढच्या एका बूटला तपासणी हवी असेल, तर संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'एफएससीके डॉट मोड बरोबर फोर्स' हे जोडून एफ१० दाबावे. जुन्या मार्गदर्शिकांतल्या 'फोर्सएफएससीके' नावाच्या रिकाम्या फाइलीवर आता विसंबू नये.

एवढे करूनही तपासणी होत नसेल, तर आधी एफएसटॅब (कोणते पार्टिशन कसे माउंट करायचे याची यादी) ही फाइल उघडा. तिथे त्या पार्टिशनच्या ओळीतल्या सहाव्या रकान्यात शून्य असेल, तर बाकी सगळे व्यर्थ. रूटसाठी (मुख्य पार्टिशनसाठी) १ आणि इतरांसाठी २ हवा. लॅपटॉप नुसता झाकण लावून झोपवत असाल, तर माउंटची संख्या वाढतच नाही. तिथे मुदतीचा निकष कामाचा, आणि तोही संगणक रीस्टार्ट केला तरच. शिवाय लॅपटॉप बॅटरीवर असेल, तर ही नियतकालिक तपासणी पुढे ढकलली जाते. तीन-चार पार्टिशने असतील, तर सगळ्यांना एकच संख्या देऊ नका, नाहीतर साऱ्यांची पाळी एकाच दिवशी येईल. २९, ३१, ३७ असे आकडे चांगले. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटण-बॅटरी संपली असेल, तर घड्याळ मागे जाते, 'शेवटचे माउंट भविष्यकाळात' अशी तक्रार येते आणि मुदतीचा हिशेब कोलमडतो. ती आधी बदला.

बूटला एफएससीके फक्त निर्धोक दुरुस्त्या स्वतः करते. मोठी गडबड दिसली, की ते थांबते, हाताने चालवायला सांगते आणि आणीबाणीच्या शेलमध्ये (कमांड देण्याच्या पडद्यावर) आणून सोडते. तिथे प्रत्येक प्रश्नाला डोळे झाकून 'वाय' म्हणणे हा जुगार आहे. पोरक्या झालेल्या फाइली लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डरमध्ये नावाऐवजी क्रमांकाने सापडतात.

एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल-व्यवस्थांना मात्र हे लागू नाही. त्यांची एफएससीके बूटला एरवी काहीही न करता 'ठीक' म्हणून परतते. एक्सएफएससाठी अनमाउंट करून एक्सएफएस-रिपेअर, बीटीआरएफएससाठी चालू स्थितीत स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून पडताळणे.

विंडोजमध्ये माउंट मोजण्याची पद्धत नाही. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-व्यवस्थेवर 'डर्टी' खूण लागली असेल, तर ऑटोचेक ही तपासणी बूटला आपण होऊन धावते. स्वतः लावायचे, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून सी ड्राइव्हवर चेकडिस्क स्लॅश एफ द्या, वाय म्हणा आणि शटडाउन नव्हे, रीस्टार्ट निवडा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउनमध्ये कर्नल पूर्ण बंदच होत नाही. निकाल इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन नोंदींत, विनइनिट या नावाखाली मिळतो. स्लॅश आर मात्र सहज देऊ नका: तो प्रत्येक सेक्टर वाचतो. सेकंदाला १२० मेगाबाइट धरले, तरी १ टेराबाइट नुसते वाचायला सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागतो.

आणि एक. एफएससीके सातबारा तपासते, जमीन मोजत नाही. डिस्कच्या पृष्ठभागाची प्रकृती स्मार्टच्या, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या, आकड्यांतून कळते. स्मार्टडी या सेवेला रोज रात्री छोटी चाचणी आणि आठवड्यातून एकदा मोठी चाचणी लावून ठेवता येते. हार्ड डिस्कवर क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे, प्रलंबित. १९९ वाढत असेल, तर बहुधा दोष साटा केबलचा, स्वस्तात सुटलात. पण १९७ वाढत असताना एफएससीके किंवा चेकडिस्क चालवू नका. दुरुस्ती म्हणजे लिहिणे, आणि मरू घातलेल्या डिस्कवर लिहिण्याआधी डीडी-रेस्क्यूने तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी.