बालक-कुटुंबविषयक मानसशास्त्रीय संशोधनातील नैतिक पेच (नागपूर)

अठरा वर्षांखालील मुले व त्यांची कुटुंबे यांच्यावर चाचणी, मुलाखत वा निरीक्षण करताना मुलाचे हित, पालकांचा अधिकार आणि संशोधकाने दिलेले वचन यांत उद्भवणारा विरोध. नागपुरात असे संशोधन मुख्यतः राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ (स्थापना १९२३) आणि शहरातील वैद्यकीय महाविद्यालये यांच्या प्रबंधांतून होते.

तान्ह्या बाळाच्या मनात मुद्दाम भीती निर्माण करणारा वॉटसन व रेनर यांचा 'छोटा अल्बर्ट' प्रयोग (१९२०) या चर्चेत नेहमी येतो. नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून आलेल्या, माणसांवरील प्रयोगांच्या न्यूरेंबर्ग संहितेत (१९४७) मुलांसाठी तरतूद नव्हती. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्याने (१९६४) पालकांची संमती मान्य केली. मुलाच्या स्वतःच्या होकाराला ठोस स्थान मिळाले ते संशोधनातील माणसांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या अमेरिकन राष्ट्रीय आयोगाच्या १९७७ च्या अहवालात, साधारण सात वर्षांपासून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वयात तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो.

सात या आकड्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत तो स्विस मानसशास्त्रज्ञ प्याजे याच्या मूर्त क्रियात्मक अवस्थेशी (मूल प्रत्यक्ष वस्तूंबाबत तर्कशुद्ध विचार करू लागते तो टप्पा) जोडते. दुसरे, सातव्या वर्षी समज येते या जुन्या युरोपीय चर्च-कायद्यातील गृहीतकाशी. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ८२ व ८३ मध्येही मुलाला गुन्ह्यासाठी जबाबदार धरण्याचे सात आणि बारा हेच टप्पे होते व भारतीय न्याय संहितेत ते कायम आहेत. हे साम्य लक्षणीय असले, तरी थेट उसनवारी म्हणणे धाडसाचे ठरेल. प्याजेने स्वतः वयाच्या सीमा ढोबळच मानल्या होत्या, त्यामुळे कायद्याच्या परंपरेचे मत अधिक ग्राह्य वाटते.

गोपनीयतेचा पेच अधिक बिकट आहे. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणून 'तुझे बोलणे कोणालाही सांगणार नाही' असे वचन मुलाला देता येत नाही. हा अपवाद आधी सांगितला की ज्याला बोलायचे असते तेच मूल गप्प होण्याचा संभव असतो. संशय घरातल्याच माणसावर असेल, तर संमतिपत्रावर सहीही त्याचीच असू शकते.

संशोधनासाठी शाळेतून मुले निवडताना मुख्याध्यापकांची परवानगी पालकांच्या संमतीची जागा घेत नाही. गडचिरोली, गोंदियाहून नागपूरच्या वसतिगृहांत आलेल्या मुलांबाबत अधीक्षकाची सही मिळवणे सोपे असते. पालक मात्र दूर गावी, आणि प्रमाण मराठीतले संमतिपत्र गोंडी वा झाडीबोली बोलणाऱ्या घरात नुसते वाचून दाखवून भागत नाही. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांत संशोधक सरकारी माणूस समजला गेला, तर मदत थांबेल या धास्तीने दिलेला होकार ऐच्छिक कसा मानायचा, हा प्रश्न उरतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमानुसार (१९५६) वडिलांच्या पश्चात नैसर्गिक पालक आई असते. अशा घरांत सहीसाठी कागद पुष्कळदा आजोबांपुढे ठेवला जातो.