मधुमेहजन्य जठरमांद्य

वाटेत कोणताही अडथळा नसताना खाल्लेले अन्न जठरात प्रमाणाबाहेर रेंगाळते, त्या विकाराला जठरमांद्य किंवा गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत तो विशेषेकरून आढळतो. चार घासांतच पोट भरणे, मळमळ, पोट फुगणे, तासन्‌तास आधी खाल्लेले उलटून पडणे ही त्याची लक्षणे ‘अ‍ॅसिडिटी’ समजून अनेकदा अंगावर काढली जातात.

१९५८ मध्ये पॉल कासँडर यांनी या विकाराला ‘गॅस्ट्रोपरेसिस डायबेटिकोरम’ हे नाव दिले. पूर्वी सारा दोष मेंदूपासून जठरापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या हानीवर टाकला जाई. पुढे संशोधकांचे लक्ष जठराच्या भित्तिकेतील काहाल पेशींकडे वळले. या पेशी मिनिटाला साधारण तीन विद्युत्‌लहरी निर्माण करून जठराच्या आकुंचनाचा ठेका धरतात आणि अनेक रुग्णांत त्यांची संख्या घटलेली दिसते.

निदानासाठी किंचित किरणोत्सारी टेक्नेशियम मिसळलेली न्याहारी देऊन गॅमा कॅमेऱ्याने चार तास प्रतिमा घेतात. चार तासांनंतरही १० टक्क्यांहून अधिक अन्न जठरात उरले, तर गती मंद मानतात. अमेरिकेत रूढ झालेल्या या न्याहारीत अंड्याचा पांढरा भाग, पाव आणि जॅम असतो. अंडे न खाणाऱ्यांची अडचण ओळखून भारतात इडलीही वापरून पाहिली गेली, मात्र पदार्थ बदलला की निरोगी माणसांवरून त्याची प्रमाणमूल्ये नव्याने ठरवावी लागतात, ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही.

खरी गुंतागुंत रक्तशर्करेची आहे. वाढलेली साखर स्वतःच जठराची गती मंदावते, म्हणून चाचणीच्या दिवशी उपाशीपोटीची साखर २७५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असावी, असा संकेत आहे. उलट दिशेने, अन्न आतड्यात उशिरा पोहोचल्यास जेवणाआधी घेतलेले इन्सुलिन साखर अकारण खाली आणते आणि पुढे ती अवेळी चढते. मधुमेहावर आणि वजन घटवण्यासाठी दिली जाणारी जीएलपी-१ गटातील औषधेही जठर मंदावतात. त्यांचा परिणाम वेगळा काढला नाही, तर निष्कर्ष फसवे ठरतात.

उपचारांचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. जठराला गती देणारे, पण हृदयाची लय बिघडवणारे सिसाप्राइड हे औषध २००० मध्ये अमेरिकी बाजारातून गेले, तर त्याच कामाच्या मेटोक्लोप्रामाइडवर २००९ मध्ये तेथे अनैच्छिक हालचालींच्या धोक्याचा ठळक इशारा छापणे सक्तीचे झाले. शिवाय जठर लवकर रिकामे करणारे औषध मळमळ कमी करेलच असे नाही, कारण मोजलेली गती आणि रुग्णाचा त्रास यांचा मेळ अनेकदा बसत नाही. त्यामुळे औषधचाचण्यांत कॅमेऱ्यातील आकड्यांइतकेच महत्त्व रुग्णाने रोज भरलेल्या लक्षणांच्या नोंदवहीला दिले जाते.