यीस्टचे तेल: अडचणीत आठवण, स्वस्ताईत विसर

सोलापूर जिल्ह्यात गाळप सुरू झाले की मळीचा हिशेब आता थेट इथेनॉलपाशी जातो. याच मळीवर यीस्ट वाढवून तेल काढावे आणि त्याचे बायोडिझेल करावे, ही कल्पना नवी वाटते. पण तिची मुळे शंभर वर्षांहून जुनी आहेत.

तेलावर इंजिन चालते हे १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातच दिसले होते. तिथले एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर धावले. (शेंगाचटणीच्या गावात ही उधळपट्टीच ठरेल.) यीस्टच्या तेलाचा शोध मात्र इंधनासाठी नव्हे, पोटासाठी लागला. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा पॉल लिंडनर यांनी चरबी साठवणारे यीस्ट वाढवून पाहिले. ते उथळ थाळ्यांत पृष्ठभागावरच वाढे, त्यामुळे मोठे उत्पादन जमले नाही. युद्ध संपले, बाजारात तेल आले आणि प्रयोग मागे पडला.

हे तेल तयार कसे होते, याचा उलगडा पुढे १९७०-८० च्या दशकांत इंग्लंडमधील हल विद्यापीठात कॉलिन रॅटलेज यांच्या कामातून झाला. साखर भरपूर, पण नायट्रोजन संपलेला, अशा स्थितीत पेशींची वाढ थांबते. साखर मात्र आत येतच राहते. मग सायट्रेट नावाचे संयुग साठते, त्याचे तुकडे होऊन मेदाम्ले, म्हणजे तेलाचे घटक, बनतात. सुक्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त तेल साठवणाऱ्या यीस्टला तैलयुक्त म्हणतात. लिपोमायसेस, ऱ्होडोटोरुला, यारोविया ही त्यांतली ठळक नावे. काहींत हे प्रमाण ६०-७० टक्क्यांपर्यंत चढते. तेलाचा बाज बराचसा पामतेलासारखा, म्हणून मिथेनॉलशी क्रिया घडवून त्याचे बायोडिझेल होते.

आपल्याकडे बायोडिझेलची सगळी आशा मात्र मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) बियांवर होती. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत इंधनात २० टक्के जैवइंधन मिसळण्याचे लक्ष्य ठेवले होते; २०१८ च्या धोरणात बायोडिझेलसाठी ते २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आले.

मग यीस्ट का नाही? खरी अडचण खुराकाची आहे. एक किलो तेलाला प्रत्यक्षात सुमारे पाच किलो साखर लागते. तेवढ्याच साखरेतून दोन किलोंहून जास्त इथेनॉल मिळते. किलोमागे ऊर्जा तेलात जास्त असली, तरी ही तूट त्याने भरून निघत नाही. मळीसाठी डिस्टिलरीशी स्पर्धा करणे म्हणूनच मला व्यर्थ वाटते.

बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, गोष्ट वेगळी. त्यातली झायलोज नावाची साखर डिस्टिलरीतल्या नेहमीच्या यीस्टला पचत नाही, तेल साठवणाऱ्या अनेक यीस्टना पचते. पण ती मोकळी करायला आम्ल आणि उष्णता लागते, त्यात यीस्टला बाधणारे फरफ्युरल तयार होते, शेवटी पेशी फोडण्याचा खर्चही येतोच. शिवाय कारखान्यांचे बॉयलर आणि सहवीजनिर्मिती याच बगॅसवर चालतात.