मसूर, मूग आणि द्राक्षावरचा केवडा

निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की द्राक्षबागांत केवड्याची, म्हणजे डाऊनी या रोगाची, धास्ती सुरू होते आणि एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘त्याला आता औषधाची सवय झालीय.’ अनुभव खरा आहे, तेच औषध पूर्वीसारखं लागू पडत नाही. पण कारण चुकतं. रोग पसरवणारा कुठलाही बीजाणू फवारे सोसून सोसून धीट होत नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे. तो शिकवताना हे नेमकं दाखवता येतं, तेही मूठभर कडधान्यावर.

हिरव्या नक्षीच्या कापडावर ९५ अख्खे मसूर आणि ५ मूग पसरायचे. चार-पाच मुलं पक्षी होतात. कापडाकडे पाठ करून उभं राहायचं, टाळी वाजली की वळायचं, पहिला दिसेल तो दाणा उचलायचा आणि पुन्हा पाठ फिरवायची. ५० दाणे गेले की थांबायचं. उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे त्याच्याच जातीचा एक दाणा टाकायचा. पुन्हा १०० झाले, एक पिढी संपली.

आता खरी गंमत. समजा, हिरव्यावर मूग वाचण्याची शक्यता मसुराच्या दुप्पट आहे. मग मूग-मसुराचं गुणोत्तर दर पिढीला दुप्पट होतं: ५:९५, १०:९५, २०:९५, ४०:९५. शेकड्यात मांडलं तर मूग साधारण ५, १०, १७, ३०, ४६, ६३, ७७, ८७. निवडीचा दाब पहिल्यापासून तेवढाच आहे, तरी पहिल्या पिढीत वाढ जेमतेम पाचाची आणि मधल्या पिढ्यांत सोळा-सतराची. पुढे ती पुन्हा मंदावते, कारण मसूरच थोडे उरतात. मुलांना आलेख काढायला लावा. सुरुवातीचा सपाट भाग दिसला की बागेत रोगाचा औषधाला प्रतिकार ‘अचानक’ आल्यासारखा का वाटतो, ते कळतं. तो आधीपासून वाढतच असतो. प्रत्यक्षात आकडे इतके चोख येणार नाहीत. पाचातले दोन मूग योगायोगानेच उचलले जातील. तेही होऊ द्यावं, लहान समूहात दैवाचा वाटा मोठा असतो.

या सगळ्यात एकही दाणा रंग बदलत नाही. २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला, कारण काय, तर माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. मसुराचा मूग होतानाही कुणी पाहणार नाही. बदलतो तो समूह.

एका गटाला मात्र मूग देऊच नका, १०० मसूरच द्या. कितीही पिढ्या खेळा, मूग येणार नाही. गरज पडली म्हणून गुण निर्माण होत नाही, तो आधी असावा लागतो. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञ दांपत्याने १९५२ मध्ये हे जिवाणूंवर दाखवलं, आणि तेही कापडानेच. बशीतल्या वसाहतींवर मखमल दाबून त्यांचा ठसा औषध असलेल्या अनेक बशांवर उमटवला. प्रत्येक बशीत त्याच जागच्या वसाहती जगल्या. मूळ बशीत औषधाचा थेंबही नव्हता, तरी त्या जागी प्रतिकारक जिवाणू सापडले.

केवड्यावरच्या स्ट्रोबिल्युरिन गटाच्या औषधांचंही असंच झालं. ती १९९६ मध्ये बाजारात आली. सायटोक्रोम-बी या प्रथिनाला चिकटून ती पेशीचा ऊर्जापुरवठा तोडतात. त्या प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲलनिन आलं की औषध तिथे नीट बसत नाही. असा बीजाणू म्हणजे आपला मूग, आणि तोच गट पुन्हा फवारणं म्हणजे तेच हिरवं कापड पुन्हा अंथरणं. दुकानातून वेगळ्या नावाची बाटली आणली तरी गट क्रमांक ११च, म्हणजे स्ट्रोबिल्युरिनचाच, असेल, तर कापड बदललेलं नाही.

शेवटच्या तासाला एक पाळी हिरव्या कापडावर आणि पुढची गोणपाटावर खेळा. गोणपाटावर मसूर लपतो. तिथे त्याला तेवढाच दुप्पट फायदा मिळाला, तर १०:९५ चं पुन्हा ५:९५ होतं. बागेत गट बदलल्यावर जुने मूग असे हटतीलच असं नाही, पण निदान दर फवारणीला त्यांनाच बढती मिळत नाही.