माशातलं आर्सेनिक आणि बोअरवेलचं आर्सेनिक, उगाच एकाच पंगतीत बसवू नका

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजात हल्ली हेवी मेटल्सपण टाकतात आणि मासेखाऊ घरांत त्यावरून मस्त गोंधळ उडतो. म्हणजे रविवारी कोळंबीचं कालवण आणि तळलेली सुरमई दाबून खायची, सोमवारी सकाळी सॅम्पल द्यायचं, रिपोर्टमध्ये आर्सेनिकपुढे हाय लिहिलेलं दिसलं की फॅमिली ग्रुपवर धडाधड मेसेज, मग कोणीतरी काका बिहारच्या हातपंपांची बातमी टाकणार आणि संध्याकाळपर्यंत सगळी बिल्डिंग नळाच्या पाण्याकडे संशयाने बघणार.

मूलद्रव्य एकच आहे, खरंय (धातूपण धड नाही, अर्धधातू आहे). दोन्हीकडचं येतंही शेवटी खडकातूनच. पण अंगात गेल्यावर दोघांची तऱ्हा पार वेगळी.

माशाचं आधी उरकतो. खडक झिजून आर्सेनिक समुद्रात उतरतं, तिथलं शेवाळ ते घेतं, आणि मासे, कोळंबी, खेकडे यांच्या अंगात ते बहुतेक आर्सेनोबीटेन या रूपात असतं, म्हणजे कार्बनशी घट्ट बांधलेलं. आपलं शरीर ते फोडतच नाही, आलं तसं दोन-तीन दिवसांत लघवीतून बाहेर. किलोभर समुद्री माशात काही मिलिग्रॅम आर्सेनिक सहज सापडतं आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणाच्याही पोटात गोळा येईल, पण ही तुलनाच फुकट आहे.

आता बोअरवेलवालं, इनऑर्गॅनिक, म्हणजे कार्बनशी न बांधलेलं. खरं विष हे. हिमालयातल्या खडकांचा गाळ गंगा-ब्रह्मपुत्रेने हजारो वर्षं आणून बंगाल-बिहारात पसरला, त्या गाळाच्या कणांवर लोहाचा गंजासारखा थर असतो आणि आर्सेनिक त्याला चिकटून गप्प बसलेलं असतं. पण खाली गाडलेला पालापाचोळा कुजून ऑक्सिजन संपला की जंतू ते लोहच विरघळवायला लागतात आणि चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. यात कुठलाही कारखाना नाही. वाईट याचं वाटतं की तळ्याचं घाण पाणी पिऊन लोक हगवणीने मरत होते म्हणूनच १९७०-८० च्या काळात तिकडे जागोजागी हातपंप बसवले, जंतू टळले आणि हे आलं. १९८३ मध्ये कोलकात्यात त्वचारोगाचे डॉक्टर के. सी. साहा यांच्याकडे असे पेशंट आले तेव्हा कुठे धागा सापडला. छातीवर-पाठीवर काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय खरखरीत, आणि पुढे त्वचा, मूत्राशय, फुफ्फुसाचा कॅन्सर, तोही बऱ्याच वर्षांनी. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि उकळून जात नाही बरं का, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं.

मुंबईत ही भानगड नाही, आपल्या खाली बेसॉल्ट आहे ज्यात आर्सेनिक मुळातच कमी, आणि नळाला येतं ते भातसा, तानसा, वैतरणा वगैरे तलावांचं पावसाचं पाणी. पण गाळ नाही म्हणजे आर्सेनिक नाहीच असंही समजू नका, छत्तीसगडमध्ये राजनांदगावच्या बाजूला कौडीकसा गावात कठीण खडकातल्या पाण्यात ते सापडलंय.

ताटात शोधायचंच असेल तर मासा सोडा, भाताकडे बघा. भातशेतीत पाणी साचतं, मातीतला ऑक्सिजन जातो आणि आर्सेनिक सुटून मुळांतून दाण्यात चढतं, त्यातलं बरंच इनऑर्गॅनिक. ब्राऊन राईसमध्ये जास्त, कारण कोंड्यात साठतं, हेल्थवाल्यांना हे आवडणार नाही. कोकणात जसा भरपूर पाण्यात शिजवून भात वेळतात त्याने ते कमी होतं, फक्त ते वेळलेलं पाणी पेज म्हणून प्यायलात तर काय उपयोग.

आणि कार्बनला बांधलेलं म्हणजे बिनधोक, हा माशाच्या आर्सेनिकचा नियम उचलून पाऱ्याला लावू नका! तिथे सगळं उलटं. माशातला पारा मिथाइल मर्क्युरी म्हणून असतो, तो कार्बनला बांधलेला असूनही जास्त घातक, मेंदूपर्यंत पोचतो, आणि मोठा मासा छोट्याला खातो तसा साठत जातो. म्हणून गरोदर बाईला मुशी (शार्क) नको म्हणतात ते बरोबरच आहे, मांदेली-बोंबील खुशाल द्या.

राहिला रिपोर्ट. टोटल आर्सेनिक लिहिलेला आकडा एकटा काहीच सांगत नाही. तीन-चार दिवस मासे पूर्ण बंद ठेवून लघवीची टेस्ट परत करा, रक्ताची नको, रक्तातून ते पटकन निघून जातं. आणि लॅबला आधीच विचारा की इनऑर्गॅनिक वेगळं मोजून देता का, नसतील देत तर दुसरी लॅब बघा, आणि आकडा तरीही वर असेल तर डॉक्टरांकडे जा, गावी कोणाच्या बोअरचं पाणी पिऊन आलात का तेही त्यांना सांगा.