विंचूदंश

विंचवाने नांगी मारल्यामुळे शरीरात शिरलेल्या विषाची बाधा. महाराष्ट्रात विंचू कुठेही चावू शकतो आणि बहुतेक वेळा रात्रभराच्या ठणक्यावर निभावते. लाल विंचवाचा दंश मात्र हृदयावर आणि फुप्फुसांवर उठतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे त्याचे जुने बदनाम जिल्हे. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू आणि सौराष्ट्रातही त्याची नोंद आहे.

या विंचवाचे शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. जुन्या वैद्यकीय लेखनात तो मेसोब्युथस टॅम्युलस या नावाने सापडतो. तो लालसर तपकिरी आणि बोटाएवढा असतो, दिसायला किरकोळच. लोक घाबरतात ते काळ्या, धिप्पाड इंगळीला, पण तिचे विष माणसाच्या जिवावर क्वचितच बेतते. पुढचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड असेल तर विंचू जहाल, चिमटे दांडगे आणि शेपूट बारीक असेल तर तुलनेने सौम्य, असा ढोबळ ठोकताळा आहे. उपचार मात्र विंचवाच्या रूपावरून ठरत नाहीत, रुग्णाच्या लक्षणांवरून ठरतात. म्हणून विंचू शोधत अंधारात दगड उलथत बसण्यात अर्थ नाही.

विष मज्जातंतूंच्या टोकांवरील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. त्यामुळे शरीराची स्वयंचलित यंत्रणा एकदम खवळते आणि रक्तात ॲड्रेनलिन व त्याच्या जातीची द्रव्ये लोटतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. ते थकले की फुप्फुसांत पाणी साचते. रुग्णाला आडवे पडवत नाही, धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. हे सारे दंशानंतरच्या पहिल्या काही तासांत घडू शकते. विष तेवढेच पण अंग लहान, म्हणून मुलांना धोका अधिक.

दंशाच्या जागी असह्य कळा, रुग्ण तळमळतो आहे, पण हातपाय गरम आणि घाम नाही, तर ते चित्र बहुधा सौम्य दंशाचे असते. उलट एखादे पोर फारसे रडत नाही, पण ओकते आहे, अंगावरचा सदरा घामाने भिजला आहे, तोंडातून लाळ गळते आहे आणि तळवे बर्फासारखे गार पडले आहेत, तर ते पोर धोक्यात आहे. ‘दुखत नाही म्हणतोय, झोपू दे’ असे म्हणून घरचे थांबतात आणि नेमके तिथेच घात होतो. मुलग्यांत आणि पुरुषांत शिश्न ताठर होणे हेही विष भिनल्याचे लक्षण आहे. लाजेपोटी ते लपवले जाते. डॉक्टरांना ते न विचारता सांगावे. उपचारांनी विषाचा जोर ओसरू लागला की हातपाय कोमट होतात आणि दंशाची जागा पुन्हा ठणकू लागते. तेव्हाचा ठणका ही चांगली खूण.

या लक्षणांचा क्रम नीट मांडण्याचे श्रेय डॉ. हिंमतराव बावस्कर यांना जाते. जालना जिल्ह्यातून आलेल्या या डॉक्टरांनी १९७६ पासून महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण पाहिले. रात्र रात्र खाटेशेजारी बसून केलेली त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष त्याच नियतकालिकात मांडले. पूर्वी फुप्फुसात पाणी झालेल्यांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या संशोधनात सहलेखिका आहेत. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. मोठ्या प्रयोगशाळेवाचून, तालुक्याच्या गावी झालेले इतक्या मोलाचे काम भारतीय वैद्यकात फार नाही.

प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. गोळी वजनाच्या हिशेबाने देतात आणि हातपाय गरम होईपर्यंत साधारण दर तीन तासांनी पुन्हा देतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवतात. मुलाला कडेवर घेऊन फिरवणे किंवा लघवीला उभे करणे टाळतात. घाम आणि उलट्यांनी गेलेले पाणी भरून काढावे लागते. ही गोळी घरी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. नुसता ठणका असेल तर पॅरासिटामॉल किंवा दंशाजवळ भुलीचे इंजेक्शन पुरते.

विंचवाचे स्वतंत्र प्रतिविषही आहे. महाडमध्ये ७० रुग्णांवर झालेली तुलना २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली: प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, म्हणून ते लवकर द्यावे लागते. सापाचे प्रतिविष विंचवावर चालत नाही.

चिंचोका घासून चिकटवणे, आघाड्याचे मूळ लावणे, मांत्रिकाकडून विष उतरवून घेणे हे उपाय गावोगावी आहेत आणि ते लागू पडल्याचे सांगणारेही भेटतात. बहुतेक दंश मुळात सौम्यच असल्याने उतार आपोआप पडतो आणि श्रेय मांत्रिकाला जाते. जहाल दंशात मात्र हाताशी असलेले पहिले दोन तास त्यात जातात. दोरी आवळून बांधणे किंवा जखम चिरणे याने अपायच होतो. जागा धुवावी, रुग्णाला चालवू नये आणि चावल्याची वेळ लक्षात ठेवून जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. लहान मुलाला लक्षणे नसली तरी काही तास देखरेखीखाली ठेवलेले बरे.

विंचू रात्री फिरतो आणि दिवसा जांभ्याच्या गडग्यात, पेंढ्यात, सरपणात, गोवऱ्यांच्या रचलेल्या ढिगात दडतो. भातकापणीच्या दिवसांत पेंढा उचलताना हात सापडतो, तर एरवी चपलेत किंवा खुंटीवरच्या कपड्यांत गाठ पडते. अतिनील प्रकाशाच्या विजेरीखाली विंचू हिरवट निळा चमकतो, त्यामुळे अंगणात झोपण्यापूर्वी अंथरुणाची जागा तपासायला ती उपयोगी पडते.