व्हीआरचा गॉगल भीतीवर, भुलीचं इंजेक्शन दुखण्यावर

नाशिकमध्ये, कॉलेज रोडला असो की पंचवटीत, दाढ काढायला आलेला माणूस व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा, गॉगल बघून पहिलं हेच विचारणार: "हा लावला की इंजेक्शन नको ना?" इंजेक्शन लागतंच, आणि हे त्याला आधीच स्पष्ट सांगावं.

इंजेक्शनमधलं भुलीचं औषध, लिग्नोकेन, मज्जातंतूतले सोडियमचे मार्ग अडवतं, त्यामुळे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. गॉगल तो निरोप अडवत नाही. मेंदू दुसरीकडे गुंतलेला असल्याने दुखणं कमी बोचतं, धडधड उतरते, एवढंच. पण सुईला घाबरणाऱ्यासाठी हे थोडं नाही. सिएटलमध्ये भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंगच्या वेळी बर्फाच्या आभासी जगात नेलं जायचं, तेव्हाही वेदनाशामक औषधं चालूच असत.

म्हणून गॉगल सुईच्या आधी, चार-पाच मिनिटं. खुर्ची पूर्ण मागे नेऊन मगच दृश्य पुन्हा मध्यावर आणा. नाहीतर पेशंट आडवा आणि समुद्र पायाशी, मग तो मान उचलत राहतो. साधारण अर्धा किलोचं ओझं चेहऱ्यावर असतं, तेव्हा मागचा पट्टा मऊ हवा. दृश्य एका जागी बसून बघायचं निवडा. डोळ्यांना वेग दिसतो आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला तो जाणवत नाही, म्हणून झोक्याच्या दृश्यांनी मळमळ होते. फिट येणाऱ्याला किंवा चक्कर असलेल्याला गॉगल देऊ नये.

सुई टोचण्याआधी "आता टोचतोय" असं सांगायलाच हवं. दिसत नसताना अचानक स्पर्श झाला तर माणूस दचकतो आणि सुई हलते. तुमचं बोलणं ऐकू यावं म्हणून गॉगलचा आवाज बारीक ठेवा, आणि दुखलं तर डावा हात वर करायचा हे आधी ठरवा. गॉगलखाली चेहरा पांढरा पडलेला दिसत नाही, म्हणून बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावलेला बरा.

सगळ्यात मोठी चूक पुढची. पेशंट कण्हला की गॉगलचा आवाज वाढवला जातो. पू झालेल्या दाढेभोवतीची जागा आम्लधर्मी असते, तिथे लिग्नोकेन नीट चढत नाही. ते दुखणं खरं असतं. हात थांबवा, हिरडी दोन्ही बाजूंनी टोकदार हत्याराने तपासा आणि विचारा, "टोचतंय की नुसतं दाबल्यासारखं वाटतंय?" दाब जाणवणारच. टोचत असेल तर औषधाच्या मर्यादेत भूल वाढवा, किंवा पू उतरेपर्यंत दाढ पुढे ढकला.